लांडगा एकदाही हसवत नाही

२०२४ साली ‘मुंज्या’ बघून आम्ही थिएटरबाहेर पडलो, तेव्हा माझ्या दंडावर भाचीच्या बोटांचे वळ उठलेले होते. अंधारात तिने इतकं घट्ट धरलं होतं, आणि पुढच्याच मिनिटाला ती खो खो हसत होती. पार्किंगमध्ये आल्यावर तिने विचारलं, “मावशी, मी आत्ता घाबरले की हसले? आणि दोन्ही एकदम कसं होतं?”

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. भूतही आणि हसूही, असे चित्रपट हिंदीत सध्या एकामागून एक येताहेत. काहींत भुताचा धाक विनोदात वाहून जातो. काहींत विनोद बाहेरून आणून चिकटवल्यासारखा वाटतो. आणि क्वचित एखाद्यात दोन्ही असं जमून येतं की पोट धरून हसताना मानेवरचे केस उभे राहतात. ते कशामुळे जमतं, हे मला सगळ्यात स्वच्छ कळलं ते १९८१ साली आलेल्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटामुळे. भाची दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिला उत्तर म्हणून तोच दाखवला. ९७ मिनिटांचा आहे. रक्त, नग्नता, शिव्या सगळं आहे, त्यामुळे लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावर बघा. आणि पुढे मी शेवटापर्यंतची सगळी गोष्ट सांगणार आहे, तेव्हा आधी चित्रपट बघायचा असेल तर इथेच थांबा.

आधी दोन शब्द

वेअरवुल्फ म्हणजे पौर्णिमेच्या रात्री ज्याचा लांडगा होतो असा माणूस. युरोपातल्या लोककथांत तो फार जुना आहे. पण चावा घेतलेला माणूस वाचला तर तोही लांडगा होतो, चांदीने तो मरतो, हे नियम आपल्या डोक्यात बसवण्यात सिनेमाचा, विशेषतः १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’चा वाटा मोठा. आपल्याकडे १९९२च्या ‘जुनून’मध्ये पौर्णिमेला राहुल रॉयचा वाघ होतो, तोही याच जातकुळीतला.

दुसरा शब्द ‘टोन’. समीक्षेत तो सारखा येतो. मी त्याला सूर म्हणते. आता हसायचंय, आता घाबरायचंय, आता गप्प बसायचंय, हे चित्रपट आपल्याला तोंडाने सांगत नाही. प्रकाश, संगीत, नटाचं बोलणं, कॅमेरा किती जवळ आहे, या सगळ्यातून तो ते सुचवतो. त्या सगळ्याचा मिळून जो होतो तो सूर. भीती आणि विनोद एकत्र आणायचे म्हणजे एकाच मैफलीत दोन सूर सांभाळायचे.

गोष्ट काय आहे

डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण पाठीवर सॅक टाकून इंग्लंड फिरायला निघालेत. यॉर्कशरच्या ओसाड माळावर मेंढ्यांच्या ट्रकमधून ते उतरतात, थंडीने गारठून एका खेड्यातल्या पबमध्ये शिरतात आणि तिथून जवळजवळ हाकलले जातात. रात्री माळावर एक जनावर त्यांच्यावर झडप घालतं. जॅक मरतो. डेव्हिड वाचतो, पण चावा बसलेला असतो. लंडनच्या हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर ॲलेक्स नावाच्या नर्सशी त्याचं सूत जुळतं, आणि मेलेला जॅक त्याला भेटायला येऊ लागतो.

लिहिला आणि दिग्दर्शित केला जॉन लँडिस यांनी. कल्पना सुचली १९६९मध्ये, युगोस्लाव्हियात. एका युद्धपटाच्या चित्रीकरणावर पडेल ते काम करणारा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तिथे त्याने रोमा (जिप्सी) लोकांचा एक दफनविधी पाहिला. प्रेत रस्त्यांच्या चौकात, लसणीच्या माळा घालून, पाय खाली करून उभं पुरत होते. का? तर ते उठून परत येऊ नये म्हणून. पुरणारे लोक पूर्ण गंभीर होते. लँडिसच्या मनात आलं, हे प्रेत खरंच उठलं तर माझ्यासारखा शिकलासवरला, या कशावरच विश्वास नसलेला माणूस काय करेल?

सगळा चित्रपट या एका प्रश्नातून निघाला आहे. संहिता मात्र दहा-बारा वर्षं पडून राहिली. पैसा लावणाऱ्यांना ती भयपट म्हणून फार विनोदी वाटायची आणि विनोदी म्हणून फार भयानक. पुढे लँडिस यांचे दोन विनोदी चित्रपट तुफान चालले, तेव्हा कुठे तिला पैसे मिळाले.

पुरण आणि कटाची आमटी

पैसेवाल्यांची चूक कुठे झाली? त्यांना वाटलं, विनोद आणि भीती एकाच पातेल्यात ओतणार. तसं केलं तर पदार्थ बिघडतोच.

होळीचा स्वयंपाक आठवा. हरभऱ्याची डाळ शिजते. ती चाळणीवर ओतली की वर डाळ राहते, खाली कट उतरतो. डाळीत गूळ घालून गोड पुरण होतं. त्याच कटाला मसाला लावून, चिंच घालून झणझणीत आमटी होते. डाळ एकच, पण पातेली दोन. आमटी पुरणात ओतली तर दोन्ही वाया. ताटात मात्र दोन्ही शेजारी हवीत, कारण गोडाने तोंड मिटतं आणि आमटीच्या भुरक्याने पुन्हा उघडतं.

लँडिसने नेमकं हेच केलं. प्रसंग एकच, त्यातून हसूही निघतं आणि भीतीही, पण तो दोन्हीची सरमिसळ होऊ देत नाही. विनोद येतो माणसांकडून. त्यांच्या अवघडलेपणातून, थापांतून, इंग्रजांच्या थंड सभ्यपणातून. भीती येते लांडग्याकडून. आणि लांडगा एकदाही हसवत नाही. तो घसरून पडत नाही, विचित्र आवाज काढत नाही, कुणी त्याची टिंगल करत नाही. तो येतो आणि माणूस मारतो. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या भुयारी स्टेशनात एक गृहस्थ एकटाच सापडतो, तेव्हा रिकामे बोगदे, सरकता जिना आणि जिन्यावर कोसळलेला तो, एवढंच आपल्याला दिसतं. लांडगा जिन्याच्या खालच्या टोकाला, फार लांबून आणि क्षणभर. त्या प्रसंगात विनोदाचा शिंतोडाही नाही.

मेलेला मित्र टोस्ट मागतो

आता उलटं पातेलं बघू. हॉस्पिटलात डेव्हिडपुढे नाश्त्याचा ट्रे आहे. दाराशी जॅक उभा. अंगावर तेच हिरवं जाकीट, गळा फाडलेला, आणि गळ्याजवळ कातडीची एक चिंधी लोंबतेय. तो बोलायला लागतो तशी ती चिंधी थरथरते. आपली नजर तिथून हलत नाही. आणि तो मागतो काय, तर ट्रेमधला टोस्ट.

पुढे तो गप्पा मारतो. त्याच्या अंत्यविधीला कोण कोण आलं होतं. ज्या मुलीवर त्याचा जीव होता तिला इतकं दुःख झालं, की ती सांत्वनासाठी दुसऱ्याच एका मित्राच्या जवळ गेली. मेल्यावरही आपली थट्टाच, अशी त्याची तक्रार. हसू येतं, कारण जिवंत असताना जॅक असाच होता. मेला म्हणून स्वभाव बदललेला नाही. भुतासारखा घोगरा आवाज नाही, धूर नाही. जुना दोस्त बिछान्याशेजारी बसून बोलतोय, फक्त त्याचा गळा जागेवर नाही.

आणि मग तो सांगायचं ते सांगतो. लांडग्याने मारलेल्यांना सुटका नाही. त्या लांडग्याच्या वंशातला शेवटचा जीव संपेपर्यंत ते मधल्यामध्ये भटकत राहतात. शेवटचा म्हणजे आता तू. दोन दिवसांनी पौर्णिमा आहे. त्याआधी जीव दे.

आपल्या भाषेत सांगायचं तर जॅकला गती नाही. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. पिंडाला कावळा शिवेना म्हणून घाटावर ताटकळलेली माणसं आपण पाहिली आहेत. ‘त्याची काही इच्छा राहिली असेल’ असं कुणीतरी हळूच म्हणतं आणि मग आईचं बघू, मुलीचं लग्न करून देऊ, असे शब्द दिले जातात. इथे राहिलेली इच्छा अशी आहे की सगळ्यात जवळच्या मित्राने मरावं. ती सांगायला मित्रच आलाय, आणि सांगताना त्यालाही अवघड होतंय.

जॅक दर भेटीत आणखी सडलेला दिसतो. दुसऱ्यांदा हिरवट काळा पडलेला, तिसऱ्यांदा जवळजवळ सांगाडा. बोलणं मात्र तसंच दिलखुलास. शरीर जितकं भयानक होत जातं तितका आपला त्याच्यावर जीव जडतो. जॅक झालेल्या ग्रिफिन डनचं हे काम मला सगळ्या चित्रपटात सर्वांत मोलाचं वाटतं.

पण हसू आलं की भीती पातळ होत नाही का?

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि कितीतरी चित्रपटांच्या बाबतीत तो खराही आहे. भुताचीच टर उडवली की त्याचा धाक संपतो. मग हाच भूत पुढच्या दृश्यात कितीही ओरडला तरी उपयोग नाही.

इथे काय होतं ते पहिल्या हल्ल्यात बघा. पबमध्ये आधी सगळे गंभीर आहेत. मग एक गाववाला विनोद सांगतो, पब हास्याने दणाणतो, पोरांनाही हायसं वाटतं. त्या मोकळेपणात जॅक सहज विचारतो, भिंतीवर ती पाच टोकांची चांदणी कशाची? त्याच क्षणी हसू थांबतं. डार्ट्सच्या खेळात छोटे बाण फेकणाऱ्याचा नेम चुकतो, आणि तो वळून म्हणतो की आजवर कधी चुकला नव्हता. आधीचं हसू नसतं, तर ही शांतता इतकी खोल गेली नसती.

मग माळ. रस्ता सोडू नका असं बजावलेलं असूनही बोलण्याच्या नादात ते रस्ता सोडतात. काहीतरी भोवती फिरतंय. दोघं पळतात, डेव्हिड घसरून पडतो. जॅक दचकतो आणि मग हसतो, घाबरवलंस की रे मला, म्हणत हात पुढे करतो. आपणही सुटकेचा श्वास सोडतो. तेवढ्यात लांडगा जॅकवर पडतो.

लहानपणी वीज गेली की आम्ही चुलत भावंडं माजघरात भुताच्या गोष्टी सांगायचो. मोठा दादा यात पटाईत. तो गोष्ट रंगात आली की मध्येच काहीतरी चावट बोलायचा, आम्ही हसायचो, अंग सैल पडायचं. तेव्हाच कुणाच्या तरी पाठीवर त्याचा गार हात यायचा. ताठ बसलेल्या माणसाला दचकवणं अवघड असतं. हसणारा माणूस सैल असतो.

शिवाय हसवणाऱ्यावर आपला जीव बसतो. पंधरा मिनिटांच्या थट्टामस्करीत डेव्हिड आणि जॅक आपले झालेले असतात. भयपटात नुसतीच प्रेतं मोजायला ठेवलेली माणसं मेली तर किळस येते, पण चुटपुट लागत नाही. जॅक मरतो तेव्हा लागते. डेव्हिड आधी घाबरून पळतो, मग मित्राचा आवाज ऐकून परत फिरतो. परत फिरतो म्हणूनच त्याला चावा बसतो.

लख्ख उजेडातली पौर्णिमा

ज्या दृश्यासाठी हा चित्रपट इतिहासात गेला ते दृश्य ॲलेक्सच्या दिवाणखान्यात घडतं. डेव्हिड दिवसभर घरात एकटा. फ्रिज उघडतो, बंद करतो, पुस्तक चाळतो, त्याचा वेळ जात नाही. रात्र होते आणि अचानक तो ओरडतो की अंगाची आग होतेय.

तोवरच्या बहुतेक चित्रपटांत माणूस जनावर होताना एकात एक विरघळणारी चित्रं दाखवत. ‘द वुल्फ मॅन’मध्ये पायांवर केस वाढतात ते असेच. नट शांत बसलेला, थोडा मेकअप, एक चित्र, आणखी मेकअप, पुढचं चित्र. त्याला दुखतंय असं कधी वाटायचं नाही. लँडिसचं म्हणणं होतं, हाडं बदलायची तर जीव जाईल इतकं दुखणार. आणि हे अंधारात लपवायचं नाही, दिवे चालू ठेवून दाखवायचं.

मेकअपकार रिक बेकर तेव्हा तिशीचा होता. त्याने मऊ, ताणता येतील असे हात आणि डोकी बनवली, आतून ढकलून ती ताणली, म्हणून तळहात आपल्या डोळ्यांदेखत लांबतो. कातडीतून उगवणारे केस तर उलट्या बाजूने केलेत. केस आत ओढून घेताना चित्रण केलं आणि फिल्म उलटी चालवली. शेवटी शेवटी डेव्हिडचं काम करणारा नट डेव्हिड नॉटन फरशीखाली आहे, त्याचं डोकं आणि हात तेवढे वर, बाकीचं धड खोटं. ऑस्करमध्ये मेकअपचा नियमित पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान बेकरला मिळाला. पुढे त्याने असे एकूण सात मिळवले. १९८३मध्ये मायकल जॅक्सनने ‘थ्रिलर’ या गाण्याच्या व्हिडिओसाठी लँडिस आणि बेकर या जोडीलाच बोलावलं, ते याच चित्रपटामुळे.

आता सूर बघा. हाडं कडकडताना मागे सॅम कुकच्या आवाजात ‘ब्लू मून’ चाललंय, एकट्या माणसाचं, चंद्राशी बोलणारं, हळुवार गाणं. मध्येच कॅमेरा शेल्फवरच्या मिकी माऊसच्या छोट्या बाहुलीवर जातो, ती हसतेय. आणि त्या यातनांत डेव्हिड ओरडून जॅकची माफी मागतो, तुला खिम्याचा गोळा म्हटलं त्याबद्दल. आदल्या भेटीतलं ते थट्टेचं वाक्य आपण हसून सोडून दिलेलं असतं. इथे ते परत येतं आणि घशात अडकतं. एकाच डाळीची दोन पक्वान्नं म्हणते ती ही.

भाचीने इथे विचारलं, आज संगणकावर हे अजून सफाईदार झालं नसतं का? सफाई आली असती. पण नॉटनच्या समोर खरा हात लांबतोय, खोलीतला दिवा त्या हातावर पडतोय, आणि तो त्याकडे बघून किंचाळतोय. नजर, उजेड आणि वस्तू एकाच खोलीत आहेत. ते वजन डोळ्यांना कळतं.

सगळंच जमलंय असं नाही

तपासाला येणाऱ्या दोन पोलिसांतला सार्जंट धांदरट आहे. तो वस्तू पाडतो, भलतंच बोलतो. मला तो खटकतो. बाकीच्यांवर हसू येतं कारण ती खरी माणसं अवघड प्रसंगात सापडलीत. सार्जंटला मात्र हसवण्यासाठीच आणून ठेवलंय. तो आला की सूर ढिला पडतो. हीच चूक आजच्या चित्रपटांत पाचपट दिसते. नायकाचा एक मित्र केवळ विनोद करायला ठेवलेला असतो, आणि भूत समोर आलं तरी तो विनोदच करत राहतो.

ट्रॅफल्गर स्क्वेअर ते टेलिफोन बूथ

पहिल्या पौर्णिमेनंतर डेव्हिड सकाळी उठतो तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, लांडग्यांच्या पिंजऱ्यात, अंगावर कपडा नाही. एका पोराचे फुगे पुढे धरून, मग एका बाईचा लाल कोट चोरून तो घरी पोचतो. खूप हसवणारा भाग आहे. मग रात्री सहा माणसं मेल्याची बातमी कळते.

आणखी कुणी मरू नये म्हणून त्याला आता अटक हवी आहे. ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये तो पोलिसासमोर राणीला, राजपुत्राला, शेक्सपिअरला नावं ठेवत ओरडतो. पोलिस शांतपणे त्याला पुढे चला म्हणतो. गर्दी बघतेय. आपण हसतोय. आणि हसता हसता लक्षात येतं की या पोराला खरोखर कुणीतरी कोंडून ठेवायला हवंय आणि कुणीही ऐकत नाहीये.

थोड्या वेळाने तो एका बूथमधून अमेरिकेला घरी फोन लावतो. आईवडील बाहेर गेलेत. फोनवर धाकटी बहीण. तो तिची नेहमीसारखी चेष्टा करतो, आणि मग सांगतो, आईबाबांना सांग माझं त्यांच्यावर प्रेम आहे. तिला काही कळत नाही. फोन ठेवून तो खिशातला चाकू मनगटाला लावतो आणि त्याच्याने होत नाही. कॅमेरा बूथबाहेरून बघत राहतो. संगीत नाही. पाच मिनिटांपूर्वीचं हसू अजून आपल्या तोंडावर असतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

शेवट असा तोडल्यासारखा का?

अनेकांची ही तक्रार असते, भाचीचीही होती. पिकॅडिली सर्कसमधल्या थिएटरात जॅक आणि काल रात्रीची सगळी प्रेतं रक्तबंबाळ अवस्थेत रांगेत बसून, सौजन्याने, डेव्हिडने कसं मरावं याच्या सूचना करतात. त्यातला एकजण मात्र चिडलेला आहे. त्याची बायको विधवा झाली, मुलं पोरकी झाली, तो विसरायला तयार नाही. त्या एका रागामुळे ते दृश्य नुसती गंमत राहत नाही. मग चंद्र उगवतो, लांडगा रस्त्यावर येतो, गाड्या एकमेकींवर आदळतात.

गल्लीच्या तोंडाशी बंदुका. ॲलेक्स पुढे जाते, त्याला सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. क्षणभर लांडग्याच्या डोळ्यांत ओळख दिसल्यासारखं वाटतं. तो झेपावतो, गोळ्या सुटतात, आणि तिथे डेव्हिड पडलेला असतो. ॲलेक्स रडतेय. लगेच काळा पडदा आणि ‘ब्लू मून’चंच उडतं, टाळ्या वाजवायला लावणारं रूप. निरोप नाही, प्रार्थना नाही, कुणी काही बोलत नाही. घरी फोन गेला का, बहिणीला कुणी सांगितलं, काही नाही.

मला हा शेवट बरोबर वाटतो. अपघाती मृत्यू असाच येतो. आत प्रेत असतं आणि बाहेर रस्त्यावर कुणाची तरी वरात चाललेली असते. लँडिसने शेवटी आपल्याला हसू आणि रडू यांतलं एक निवडू दिलं नाही, दोन्ही एका क्षणात हातात दिलं.

भाची नामावली संपेपर्यंत टीव्हीसमोर बसून राहिली. गाणं थांबल्यावर तिने विचारलं, “पण मावशी, जॅक सुटला ना?”

चित्रपट ते दाखवत नाही. पण शेवटचा लांडगा मेला होता, आणि नियम जॅकनेच सांगितला होता. मी म्हटलं, “हो, सुटला.”